बाबांच्या खुंट्याची सावली

माझ्या वडिलांच्या नावावर जमीन फारशी नाही, पण खाडीत त्यांची एक जागा आहे. सातबाऱ्यावर ती सापडणार नाही. पेणच्या बाजूला आमची खाडी जिथे वळण घेते, तिथे पाण्याखाली एक लाकडी खुंटा ठोकलेला आहे. आजोबांचा खुंटा कुजला तेव्हा बाबांनी त्याच जागी हा ठोकला. पाण्याला ओढ लागली की त्याला डोल जाळं बांधायचं, पिशवीसारखं, तोंड ओढीकडे करून. मग पाणीच मासळी आत आणून सोडतं. खुंट्याचा माथा कधी पाण्याबाहेर येत नाही. एरवी त्याच्या दोराला बोया बांधलेला असतो, पण पावसाळ्याआधी तो सोडून घरी आणतात, दोर तळाला बसतो, त्यावर गाळ चढतो. नारळी पौर्णिमा झाली की ज्याने त्याने आपला खुंटा शोधायचा. दुसऱ्याच्या खुंट्याला हात लावायचा नाही, हे कुठे लिहिलेलं नाही, पण ते कोणी मोडल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

परवाच्या वर्षी बाबांनी भर पंचांसमोर सांगितलं, की माझ्या मामाने त्यांचा खुंटा कापला.

मामा म्हणजे आईचा सख्खा धाकटा भाऊ. त्याचं घर आमच्यापासून वीस घरं सोडून. तो आणि बाबा लहानपणापासून एका होडीवर. नात्याने बाबा त्याचे दाजी, पण होडीवर वाढलेल्यांत अहो-जाहो टिकत नाही, तो त्यांना ‘दाजी’ही म्हणतो आणि ‘तू’ही म्हणतो. होडीचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, बाबा. त्यांनी किनाऱ्यावरच्या खुणा बघून जागा धरायची, मामाने दोर धरायचा, असं चाळीस वर्षं चाललं. दोघांचे खुंटेही शेजारी, आधी बाबांचा, मग मामाचा. त्या उन्हाळ्यात मामाने नुसतं बोलून दाखवलं होतं, की यंदा माझा खुंटा थोडा पुढे घेतो, पुढच्या जाळ्याला मासळी जास्त लागते. बाबा तडकले. दोघांत आठ दिवस अबोला झाला आणि मिटला, असं आम्हांला वाटलं.

मग पौर्णिमेनंतर खुंटा शोधायची वेळ आली. मामा मुलीच्या लग्नाच्या धावपळीत होता, म्हणून बाबा डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे असलेल्या एका शेजाऱ्याला, त्याची शिफ्ट नव्हती म्हणून, सोबत घेऊन गेले. चार दिवस ओहोटीला ते पाण्यात लोखंडी आकडा टाकून ओढत राहिले. दोर लागेना. पाचव्या दिवशी त्यांनी पंच बोलावले आणि मामाचं नाव घेतलं.

“नाय कापला,” एवढंच मामा म्हणाला आणि उठून गेला.

त्यानंतर आईचं माहेर बंद झालं. मामाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका शेजारणीच्या हाती आली. आईने ती देवापुढे ठेवली आणि बाबांनी ती तिथून उचलून कपाटावर टाकली. ‘त्या मांडवात मी पाय ठेवणार नाय, आणि माझ्या घरातलं कुणी ठेवणार नाय,’ असं म्हणाले. आईचं जेवण कमी झालं. त्या मुलीला तिनेच न्हाऊ-माखू घातलं होतं.

हे सगळं मला रोह्याला फोनवर कळत होतं. मी रोह्याला राहते, पाण्याखालचा तळ मोजून देणाऱ्या एका लहानशा संस्थेत काम करते. आमच्याकडे सोनार आहे. हा शब्द घरी सांगितला तेव्हा आई गावभर सांगत सुटली, की लेक सोनाराकडे लागली, आता पाटल्या स्वस्तात होतील. ती चेष्टा मी अजून ऐकते.

पण त्या यंत्रावर माझं मन बसलं ते पहिल्याच दिवशी, कुंडलिकेच्या पुलाखाली. पुरानंतर पुलाच्या पायाशी गाळ किती खचलाय ते बघायचं होतं. नदी चहासारखी गढूळ, हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. होडीच्या बाजूला दांड्याला हातभर लांबीचं नळकांडं बांधलेलं, त्याला सगळे ‘मासा’ म्हणतात. तो मासा डाव्या-उजव्या बाजूला आवाजाचे ठोके सोडतो. आपल्या कानाला ते ऐकू येत नाहीत. ठोका तळावर आपटतो, परत येतो, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर पळतो, तेव्हा सगळा हिशोब सेकंदाच्या बारीक तुकड्यांत चालतो. दगडावरून आवाज जोरात परततो, गाळ बराचसा गिळून टाकतो. म्हणून पडद्यावर दगड उजळ आणि चिखल काळपट दिसतो. होडी पुढे जाईल तशी एकेक ओळ उमटते आणि ओळीला ओळ लागून तळाचं चित्र तयार होतं.

त्या दिवशी चित्रात पुलाचे पाय आले, धुण्याचे दगड आले, आणि मग एक सायकल आली. खरं म्हणजे सायकल नीट दिसतच नव्हती, दिसत होती तिची सावली. उभ्या वस्तूच्या मागे आवाज पोचत नाही, तेवढा तुकडा काळा राहतो. त्या काळ्या तुकड्यात दोन चाकं होती आणि हँडल होतं. वस्तूपेक्षा सावली जास्त सांगते, हे मी तिथे शिकले. सावलीच्या लांबीवरून वस्तूची उंचीही काढता येते. इतक्या वर्षांनंतरही पडद्यावर पहिली ओळ उमटली की मला आनंद होतो, तो मी लपवत नाही.

तर त्या दिवाळीनंतर आमचं काम नेमकं आमच्याच खाडीत निघालं. मी वरिष्ठांना सरळ सांगितलं, की रविवारची एक भरती मला माझ्या घरच्या कामासाठी हवी आहे. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितल्यावर ते म्हणाले, डिझेल तुझं.

बाबांना तयार करणं त्याहून अवघड गेलं.

“तुजं यंत्र काय सांगल गो? खुंटा हाय का नाय, येवढंच ना? खुंटा नाय, ह्ये मीच सांगतो,” ते म्हणाले.

“कापला असेल तर बुडखा उरला असेल,” मी म्हटलं. “गाळात घट्ट बसलेला बुडखा कोण उपटणार? बुडखा दिसला तर पंचांना दाखवू. मामाला तोंड लपवायला जागा राहणार नाही.”

हे मी मुद्दाम बोलले. मामाने कापला असेल असं मला क्षणभरही वाटत नव्हतं, पण बाबांना होडीत बसवायचं तर त्यांच्याच बाजूने ओढावं लागतं. भरती कधीची, ते मी मोबाइलवर बघून सांगितलं. त्यांनी बोटांवर तिथी मोजली, तिची पाऊणपट केली, आणि माझ्या वेळेच्या पंधरा मिनिटं अलीकडची वेळ सांगून वर ‘तुजा मोबाइल सुस्त हाय’ असं ऐकवलं.

आमच्या होडीचा तांडेल खाडीपलीकडच्या मुसलमान वस्तीतला. मी त्याला चाचा म्हणते. आयुष्याची वीस वर्षं त्याने आखातात गाळ उपसणाऱ्या जहाजावर काढली. आता गावी शेती करतो आणि आमच्यासारख्यांना होडी देतो. सुकाणू त्याच्या हातात असलं की होडी आखलेल्या रेघेवरून हातभरही ढळत नाही, आणि सोनारला तेच लागतं. वाकडी होडी म्हणजे वाकडं चित्र. त्याने बाबांना हात देऊन आत घेतलं आणि आपली चटई त्यांच्यासाठी अंथरली.

मी आधी पाण्यात एक लहान उपकरण सोडून आवाजाचा वेग मोजला. खाडीत हे करावंच लागतं, कारण वरून नदीचं गोडं पाणी येतं आणि खालून समुद्राचं खारं, आणि दोन्हींत आवाज सारख्या वेगाने पळत नाही. बाबांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, “आज गोडं जास्त हाय.” उपकरणाचंही तेच म्हणणं होतं. मी ते घाईने पिशवीत टाकलं, नाहीतर दिवसभर ऐकावं लागलं असतं.

बाबांनी खूण जुळवली आणि हात वर केला. इथे.

आम्ही तिथून जाऊन-येऊन आठ रेघा मारल्या, शेतात नांगर फिरवावा तशा. पडद्यावर मऊ, काळपट गाळ. एक टायर. ओहोळासारखी एक चरी. बुडखा नाही, खड्डा नाही, दोराचा तुकडा नाही. इथे काहीच नाही याचा अर्थ इथे कधीच काही नव्हतं. आणि बाबांचं बोट तर इथेच होतं.

मी चाचाला म्हटलं, रेघा वरच्या अंगाला, नदीच्या बाजूला वाढवू. त्याने सुकाणू वळवलं.

तिसऱ्या की चौथ्या रेघेवर तळापासून वर एक फिकट ढग दिसला. पुढच्या रेघेला तो नदीच्या बाजूला थोडा सरकलेला होता, त्याच्या पुढच्या रेघेला आणखी थोडा. पाण्याखालची हलती वस्तू अशीच धरायची असते. एकदा दिसली म्हणजे काही नाही, दर फेरीला ती कुठे गेली ते मांडत गेलं की तिची वाट कळते. मी बाबांना पडद्यापाशी बोलावलं. ते अगदी नाक टेकेल इतके वाकले.

“बोय मासली हाय, थवा,” ते म्हणाले. “भरतीवर चढते. आता त्या चरीच्या तोंडाशी वळल.”

पुढच्या फेरीला तो ढग चरीच्या तोंडाशी होता. बाबांनी पहिल्यांदाच यंत्राकडे जरा आदराने पाहिलं आणि मला विचारलं, “ह्ये सगलं निस्त्या आवाजावर?” मी हो म्हटलं. “भारीच,” ते म्हणाले. बाबांच्या तोंडून माझ्या कामाला मिळालेली ती पहिली शाबासकी. अजून आठवली की बरं वाटतं.

आणि त्याच्या पुढच्याच रेघेवर खुंटा आला.

उजळ असा एक बारीक ठिपका, आणि त्याच्या मागे सरळ, लांब, काळी सावली. तळावर दुसरी एक वळणावळणाची रेघ होती, ती दोराची. सावली मोजली. खुंटा तळापासून पुरुषभर उंच, ताठ उभा, कुणी बोटही न लावलेला. बाबांच्या जागेपासून साठ-सत्तर हात वर. त्याच्या मागे, बरोबर जिथे असायला हवा तिथे, मामाचा खुंटा.

चाचाने आकडा टाकला. पहिल्याच ओढीला दोर लागला. चिखल धुतला, तशी दोराची गाठ दिसली. बाबा दोर जोडताना पीळ उलटा घालतात, अख्ख्या बंदरावर तशी गाठ कोणी मारत नाही. बाबा ती गाठ चाचपत राहिले.

“खूण कंची धरता तुम्ही?” चाचाने विचारलं.

“एक डोंगराची खाच, देवळाच्या कळसावर,” बाबा म्हणाले. “आन दुसरं कारखान्याचं धुराडं, उघाडीच्या डोक्यावर.” उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं पाणी सोडायचं दार. दोन वस्तू एकीवर एक दिसल्या की एक रेघ मिळते, आणि अशा दोन रेघा जिथे छेदतात ती खुंट्याची जागा. आधी दुसरी खूण एका जुन्या झाडाची होती. ते झाड वादळात पडलं, तेव्हा बाबांनी धुराडं धरलं. धुरकट हवेतही उंच दिसतं, चुकायची भीती नाही, असं ते सांगायचे.

“कंचं धुराडं?” चाचा हळूच म्हणाला. “दोन हायत.”

मी वर पाहिलं. खरंच दोन होती. जुनं, आणि त्याच्या बाजूला त्याच पावसाळ्यात उभं राहिलेलं नवं, जरा जास्त उंच. खुंट्याच्या डोक्यावरून पाहिलं तर जुनं धुराडं उघाडीवर अचूक येत होतं. मघाच्या जागेवरून नवं येत असणार. बाबा डोळे बारीक करून तिकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की त्यांना दोन दिसत नव्हती. त्यांना तिथे एकच काहीतरी उभं दिसत होतं.

मला स्वतःचा भयंकर राग आला. बशीत चहा ओतताना तो बाहेर सांडत होता, पायरीवर पाय चाचपडत होता, मी दर महिन्याला घरी जाऊन हे पाहत होते आणि वय झालं म्हणत होते. नदीच्या तळाची सायकल ओळखणारी मी शहाणी.

आम्ही परत फिरलो. धक्का जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, “ह्ये चित्र पुसता येतं का गो?”

“येतं,” मी म्हटलं. “पण मी पुसणार नाही.”

“खुंटा वाहून गेला व्हता, मी नवा ठोकला, आसं सांगतो. कोन इचारतंय?”

“मामा विचारणार नाही,” मी म्हटलं. “म्हणून तर पुसणार नाही.” बोलताना माझा आवाज चढला होता. चाचाने इंजिनाकडे पाहायचं काम काढलं.

आमच्याकडे एक रीत आहे. पंचांसमोर कुणावर आळ घेतला आणि तो खोटा ठरला, तर त्याच जागी, तेवढ्याच माणसांसमोर नारळ ठेवून शब्द मागे घ्यायचा. घरी जाऊन माफी मागितलेली चालत नाही. आणि मागे घेताना कारण सांगावं लागतं. बाबांचं घोडं तिथेच अडलं होतं. नजर गेलेल्या तांडेलाच्या होडीत कोणी पाय ठेवत नाही. पुढे आठवडाभर त्यांनी माझा फोन घेतला नाही. आईने घेतला, पण ती नुसतं ‘लग्नाला वीस दिवस राहिले’, ‘एकोणीस राहिले’ असं मोजायची. मी रोह्याहून त्या चित्राचा मोठा छाप काढून पाठवला आणि गप्प बसले. मला गप्प बसणं जमत नाही, तरी बसले.

आठव्या दिवशी बाबांचाच फोन आला. “रयवारी ये,” म्हणाले. “पंच बोलावलेत.”

देवळाच्या पडवीत माणसं बसली होती. मामा खांबाला टेकून अंगणात पाहत होता. बाबांनी नारळ ठेवला, त्याच्याशेजारी चित्र उलगडलं, आणि उभं राहून सांगितलं, “माजा खुंटा हाय तिथंच हाय. कुनी कापला नाय. मी खोटा आळ घेतला. शब्द मागं घेतो.”

चित्र हातोहात फिरलं. लोक सावलीवर बोट ठेवून बघत होते. मग एक वयस्क पंच म्हणाले, “आरं पन चाळीस सालाचा तांडेल तू. तुला गावला कसा नाय?”

बाबांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता सगळं सांगतील, आणि मी मान खाली घातली.

“तळ फिरलाय ना,” मागून मामा म्हणाला. “अवंदाच्या पावसात गाळ हिकडचा तिकडं झालाय. मनाबी माजा दोन दिस गावला नव्हता. कुनाचीबी चूक झाली असती.”

पंचांनी माना हलवल्या. नारळ फुटला, खोबरं वाटलं. मी मात्र जागीच बसून राहिले. तळ फिरला नव्हता. तसा फिरला असता तर माझ्या चित्रात दिसला असता. आणि मामा तर लग्नाच्या धावपळीत त्या साली आपला खुंटा शोधायला गेलाच नव्हता, हे आईनेच मला फोनवर सांगितलं होतं.

लोक पांगल्यावर मी त्याला धक्क्यावर गाठलं. बाबा माझ्या मागेच होते.

“मामा, तू खोटं का बोललास?”

त्याने माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहिलं. “बांदावरनं बगत व्हतो मी,” तो म्हणाला. “चार दिस. हा साठ हात खाली आकडा टाकत व्हता. पयल्या दिशी वाटलं, चुकला आसल. दुसऱ्या दिशी कललं. सांगायला येनार व्हतो, तवर ह्यानं पंच बोलावलं.”

“मग पंचांसमोर सांगायचंस,” मी म्हटलं.

“काय सांगू? दाजीला दिसत नाय, ह्ये?” मामा म्हणाला. “खुंटा कापनारा गावात ऱ्हाऊ शकतो गो. लोकं दोन सालांत इसरतात. आंधला तांडेल ऱ्हात नाय.”

बाबा उभे होते. त्यांचा हात हवेत मामाचा खांदा शोधत थोडा डावीकडे गेला. मामाने खांदा तिथे नेला.

“सकाली निघू,” बाबा म्हणाले. “खुना तू बग. दोर मी धरतो.”